आक्कांचा अंगठा

वांगं हातात आलं की आक्का त्याच्याकडे बघत नसत. उजव्या हाताचा अंगठा देठापासून खालपर्यंत एकदा फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या, "ह्ये किडकं हाय, म्हशीला टाका." आपण ते वांगं उलटंसुलटं करून बघावं, तर वरून काहीच दिसत नसे. हट्टाने चिरावं, तर आत अळी निवांत बसलेली. अशी दोनतीनदा तोंडघशी पडल्यावर मी चिरून बघणं सोडलं.

जळोचीत आम्ही घर बांधलं तेव्हा कुंपणापलीकडे त्यांचं भाजीचं रान होतं. मी बारामतीत शाळेत शिकवते, म्हणून मी त्यांची 'बाई'. त्या मात्र सगळ्यांच्याच आक्का. रेशनकार्डावर दुसरं काहीतरी नाव असणार, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. त्यांचे यजमान, आबा, तेसुद्धा "आक्का, च्या टाक" असंच म्हणायचे.

तो अंगठा स्वस्थ म्हणून बसत नसे. आमच्या नव्या फाटकावर फिरला, माझ्या साडीच्या काठावर फिरला. एकदा सुनेच्या नव्या मोबाइलवर फिरला, तर कुणा ट्रॅक्टरवाल्याला फोन लागला. आक्कांनी त्याची चौकशी केली, घरी कोण कोण असतं ते विचारून घेतलं आणि मगच फोन सुनेकडे दिला. वर आम्हालाच सांगितलं, "हात फिरला पायजे. त्याबिगर वस्तू आपली वाटत न्हाय."

पहिल्यांदा हळदीकुंकवाला गेले तेव्हा त्या देव धूत बसल्या होत्या. तुमच्यापैकी पुष्कळांच्या देवघरात टाक असतील. बोटभर चांदीचा पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेलं कुलदैवत. खंडोबाचा घोडा, भवानीचे हात, सगळं नीट ओळखू येतं. आक्कांच्या तबकात दोन टाक होते आणि त्यांवर ओळखू येण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या चिंच आणि राखेने घासून दोन्ही गुळगुळीत झाले होते.

"आक्का, ह्यातला कोण कुठला?"

त्यांनी न बघता अंगठा फिरवला. "ह्यो खंडोबा. ही भवानी."

"ओळखता कसं? दोघांनाही नाक नाही."

"तुमी नवऱ्याला नाकावरनं वळखता व्हय?"

कोपऱ्यात आबांना ठसका लागला. 

मग आक्काच सांगू लागल्या. "देवळातला देव सगळ्यांचा, बाई. त्येला लांबनं हात जोडायचं. ह्यो आपल्या हातानं न्हातोय. माझ्या सासूनं धुतला, तिच्या सासूनं धुतला. त्या समद्यांचं हात ह्येच्यात गेल्यात. नाकडोळं गेलं, तवा कुठं घरचा झाला." टाक म्हणजे काय, हे मला माहीत आहे असं त्या दिवसापर्यंत मला उगाच वाटत होतं.

त्यांना दोन मुलगे. थोरला रान बघायचा. धाकटा लोणी देवकरला कंपनीत आणि राहायला इंदापुरात, फ्लॅटमध्ये. रानाची वाटणी झाली, चुली तर कधीच वेगळ्या झाल्या होत्या, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत जे बिनसलं ते बिनसलंच. समोरासमोर बसूनसुद्धा "आक्का, त्याला सांग" आणि "आक्का, त्याला इचार" असं चाले. आक्का दोन्हीकडचे निरोप पोचवायच्या, फक्त त्यातल्या शिव्या गाळून.

तरी नवरात्रात घटाला आणि चंपाषष्ठीला धाकटा जळोचीला यायचाच. मूळ देव जिथे, कुळाचार तिथे. कितीही रुसलेला असला तरी पानावर बसायचा. आक्कांचा सगळा भरवसा त्यावर होता. "रान येगळं झालं, चूल येगळी झाली. देव एक हायती तवर घर एक हाय," त्या म्हणायच्या, आणि त्या वेळी त्यांच्या आवाजात गंमत नसायची.

एके दिवशी आम्ही मेथी निवडत बसलो असताना धाकटा आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "आक्का, माझं देव मला येगळं करून दे. आता हितं यायला नको वाटतंय."

आक्कांचा अंगठा थांबला. तो थांबलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "दिते." आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. मला वाटलं होतं, रडतील, भांडतील. धाकट्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो चहा न घेताच गेला.

ठरलं ते असं. जुने टाक थोरल्याकडे, धाकट्याला नवे. आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून बारामतीत सोनाराकडे मीच त्यांना गाडीतून नेलं. मापाला जुने टाक बरोबर होते. सोनाराने ते हातात घेतले आणि म्हणाला, "आक्का, फार झिजलेत. आटवून ह्यांचेच नवे करू का?"

"आटवायचं? मग मला बी घाला मुशीत. मी बी झिजलीया."

नवे टाक झकास झाले. खंडोबाला झुपकेदार मिशा, घोड्याला शेपटी, भवानीच्या हातांत सगळी हत्यारं. आक्कांनी अंगठा फिरवला आणि झटकला. "टोचतोय की! नव्या जावयागत हाय."

नवे देव जुन्यांना भेटवायचे असतात. रविवारी एकाच ताम्हनात चारी टाकांना दुधापाण्याने न्हाऊ घातलं, भंडारा लावला. सगळे सारखेच पिवळेजर्द झाले. भावांनी एकमेकांकडे पाठ करून नमस्कार केला. आक्कांनी आपल्या हाताने दोन लाल फडक्यांत देव बांधले आणि एकेकाच्या ओंजळीत दिले. धाकट्याने इंदापूरला नेऊन त्याच दिवशी पूजा घालून बसवले. इकडे थोरल्यानेही देव जागेवर बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव धुताना भंडारा निघाला आणि कुंपणापलीकडून थोरल्या सुनेची हाक आली, "अगं बाई! आमच्या खंडोबाला मिशा कुठनं आल्या?"

मी धावत गेले. देवघरात जुनी भवानी होती आणि शेजारी कोरा करकरीत खंडोबा. म्हणजे जुना खंडोबा नव्या भवानीबरोबर इंदापूरला गेला होता. थोरला कपाळाला हात लावून बसला. "आक्का, काय करून बसलीस ह्ये?"

"दिसतंय का मला? भंडाऱ्यात समदं सारखंच की रं."

"मी आत्ताच्या आत्ता जाऊन घेऊन येतो."

"खुळा हायस का? पूजा घालून बसलेला देव उठवत न्हाईत," आक्का म्हणाल्या. आबांनीही मान हलवली. विषय तिथेच मिटला.

आता हिशेब तुम्हीच करा. मूळ भवानी जळोचीत, म्हणून घट जळोचीत. मूळ खंडोबा इंदापुरात, म्हणून चंपाषष्ठी इंदापुरात. आतापर्यंत धाकट्यालाच इकडे यावं लागत होतं, आता थोरल्यालाही तिकडे जाणं भाग होतं.

संध्याकाळी वांगी घ्यायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "आक्का, खरंच चुकलात?"

"वय झालं, बाई. डोळं गेलं." असं म्हणता म्हणता त्यांनी ढिगातलं एक वांगं उचललं, माझ्या तोंडाकडे बघत त्यावर अंगठा फिरवला आणि बाजूला टाकलं. "ह्ये किडकं हाय."

मी ते घरी नेऊन चिरलं. आत अळी होती. मी एकटीच स्वयंपाकघरात हसत सुटले.

चंपाषष्ठीला थोरला निघाला, पण कुरकुरत. नैवेद्याला वांग्याचं भरीत लागतं आणि फ्लॅटमध्ये वांगी कुठून येणार? म्हणून पोतंभर वांगी, कांद्याची पात, आक्का आणि आबा असा सगळा ऐवज पिकअपमध्ये घालून तो इंदापूरला गेला. परत आल्यावर आक्का घरातही न जाता थेट आमच्या फाटकाशी आल्या.

"बोललं, बाई! ह्यो म्हनला, वांगी कुठं ठिवू? त्यो म्हनला, ठिव हितंच. मधी मी नव्हती! वांग्यावरनं का हुईना, बोललं!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

एकदम गळामिठी वगैरे काही झाली नाही. पुढच्या घटाला धाकटा आला तेव्हा पिकांवर बोलले. मग विहिरीवरही बोलले, आणि त्यावरून भांडलेसुद्धा, पण तोंडावर. भांडण चालू असताना आक्का पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्याइतकं खूश मी त्या दिवशी कुणालाच पाहिलं नाही.

गेल्या आषाढात आक्का गेल्या. सकाळची मेथीची जुडी बांधता बांधता बसल्या जागी मान टाकली. मला अजूनही भाजी घेताना कुंपणापलीकडे बघायची सवय आहे.

त्यांच्याकडे सवाष्ण गेली की तिचाही टाक करतात आणि देवात बसवतात. आबांनी मुलांना बोलावून घेतलं. दोघे मिळून त्याच सोनाराकडे गेले. त्याने विचारलं, एक का दोन? दोघंही एकदमच म्हणाले, "एक." आई एकच होती, तिचे दोन कसे करणार?

पण मग बसवायचा कुणाकडे? यावरून वाद होईल असं मला वाटत होतं. झाला नाही. बसलेला देव उठवत नाहीत, हे आक्कांनीच सांगून ठेवलं होतं. म्हणून आक्कांना त्यांनी बसवलंच नाही. घटाला त्या जळोचीत असतात, चंपाषष्ठीला इंदापुरात, आणि एरवी ज्याला आठवण येईल तो येऊन घेऊन जातो.

परवा धाकटा मोटारसायकलवरून त्यांना न्यायला आला होता. जाताना आमच्या फाटकाशी थांबला. शर्टाच्या खिशातून लाल फडकं काढून माझ्या हातात दिलं. टाकावर हळदीकुंकवाची बाई उभी होती, कपाळावर मोठं कुंकू, नाक तरतरीत. मी अंगठा फिरवला. टोचलं.

"अजून लई नवी हाय," तो म्हणाला. "हात फिरला पायजे."

त्याने टाक परत घेतला, पण लगेच खिशात घातला नाही. गाडीवर बसून माझ्याशी यंदाच्या पावसाबद्दल बराच वेळ बोलत राहिला. तेवढा सगळा वेळ त्याचा अंगठा तिच्यावर फिरत होता, आणि ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.