आपला सूट आपण काढायचा नाही

देवनहळ्ळीला जायचं म्हणजे माझा अर्धा जीव वाटेतच जातो. बंगळुराच्या ह्या टोकाला बसवनगुडी, तिथून मेट्रो, मग बस, मग रिक्षावाल्याला ‘स्वल्प पुढे, स्वल्प पुढे’ करत त्यांची वसाहत शोधायची. गुडघे बोंबलत होते. पण वहिनींचा फोनच तसा आला होता. "भावोजी, आंघोळीला अंगाला हात लावू देत नाहीत हो. काल मला ढकललं. मुलगा म्हणतो, सोमवारी वृद्धाश्रमात ठेवू या. मला नाही ठेवायचं ह्यांना तिथं."

‘हे’ म्हणजे माझा कामावरचा जोडीदार. आता सगळं विसरत चाललेला. आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं विषारी वायूचे जुने तोफगोळे नष्ट करण्यात घालवली. गोळा उघडायचा, आतलं विष काढून भट्टीत जाळायचं, रिकामं कवच धुऊन घ्यायचं. रबरी सूट, तोंडावर मास्क, आत घामाच्या धारा. पराक्रम कसला डोंबलाचा! दुसऱ्यांनी करून ठेवलेलं निस्तरायचं, एवढंच.

एक नियम मात्र देवाहून मोठा. बाहेर आल्यावर आपला सूट आपण काढायचा नाही. हात पसरून उभं राहायचं. जोडीदार ब्लीचिंगच्या पाण्यानं धुणार, मनगटाची चिकटपट्टी सोडणार, सूट उलटा करत खाली गुंडाळणार. त्याच्याही हातात मोजे हवेतच. थेंब लागला तर तेव्हा काही कळत नाही, संध्याकाळी टरारून फोड येतात.

मी पोचलो तेव्हा तो बाथरूमच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाला वास. मला ओळखलं की नाही, देव जाणे. वहिनींनी बटणाला हात लावला मात्र, त्यानं त्यांना असं ढकललं की त्या भिंतीवर आदळल्या.

"मोजे कुठायत? जळशील, बये! लांब हो!"

घरात सगळे ह्याला मारकुटा म्हणत होते.

"वहिनी," मी म्हटलं, "तो मारत नाही हो तुम्हाला. वाचवतोय."

त्या मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. मीही रडलो, लाज कसली? आणि संतापही आला. सगळं जाळून संपवलं म्हणून आम्ही घरी आलो, आणि ह्याच्या शर्टावर ते विष अजून आहेच!

स्वयंपाकघरातले भांडी घासायचे रबरी मोजे चढवले आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. "हात लांब." त्यानं निमूट हात पसरले. आधी पाणी, मग बटणं, मग शर्ट उलटा करत खाली. लेकरासारखा न्हाला.

पण रोज एवढ्या लांब यायचं बळ माझ्यात नाही. वहिनींना ते दिसलं असणार. त्या रात्री तिथंच राहिलो.

सकाळी वहिनी मुलाचा रेनकोट घालून आल्या, हातात तेच मोजे. "बघा भावोजी, बरोबर आहे का."

मी तोंड उघडायच्या आत तोच पुढे झाला. त्यांचं मनगट धरून त्यानं निरखलं. एका हाताची बाही मोज्याबाहेर राहिली होती.

"अशी जातेस होय आत?" तो खेकसला. बाही नीट आत खोचली, दुसरा हातही तपासला. मग त्यांच्यासमोर हात पसरून उभा राहिला.