दवाखान्याच्या भिंतीवर हळदीचा हात

देव ऐकत नाही, असं माझं त्या दिवशी पक्कं ठरलं होतं. सांगलीच्या दवाखान्यात माझी नात काचेच्या पेटीत पडून होती. दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेली. श्वास घ्यायचा मधेच विसरायची, की पेटीवरचं यंत्र बोंबलायचं. डॉक्टर नजर चुकवून म्हणाले, "बघू." सूनबाई शेजारच्या वॉर्डात तापानं फणफणलेली. मुलगा सीमेवर, रजा मिळेना.

आमच्या घरी, वडूजला, बाळाच्या पाचवीला थोरल्या बाईनं दाराशेजारी ओल्या हळदीचा हात उमटवायचा. सटवाई नशीब लिहायला आली की तिला दिसावं, या लेकराच्या पाठीशी कुणीतरी आहे. मुलाच्या वेळी सासूबाईंनी तो उमटवला, तेव्हा मी दहावी पास, म्हणजे अकलेचा नुसता कांदा! म्हटलं, "आत्याबाई, त्यापरीस डॉक्टरचा पत्ता लिवा भिंतीवर." त्या म्हणाल्या, "लिव की. पण वाचायला सटवी शाळंत गेलीया व्हय गं?"

आता नातीची पाचवी होती आणि थोरली बाई मी. पदराच्या गाठीतली हळद कालवली आणि पेट्यांच्या खोलीबाहेर, पांढऱ्याशुभ्र भिंतीवर हात दाबला. नर्सबाई धावत आली. "आवं आजी, दवाखाना हाय ह्यो! घरची ओसरी वाटली का?" तिनं ओलं फडकं फिरवलं. माझ्यादेखत हात पुसला गेला. मी तिथंच फरशीवर बसले. रडूही येईना. सटवाई येईल ती आता कोरी भिंत बघेल, एवढंच डोक्यात.

थोड्या वेळानं तीच नर्स परत आली. "उठा. पोरीला मायेचा हात लागतुया, अन् तिच्या आईला उठवंना. तुमी हात धुवा, कोपरापत्तोर." मी घासघासून धुतले, तरी तळव्याचा पिवळेपणा जाईना. "आजी, रंग काढताय का कातडं? पुरे." तिनं पेटीची खिडकी उघडून माझा तळवा नातीच्या डोक्यावर टेकवला. "थोपटायचं न्हाई, चोळायचं न्हाई. नुसता ठेवा."

नुसता! जन्मात हा हात कधी स्वस्थ बसला नव्हता. तेवढ्यात नातीचा श्वास अडला. माझी बोटं शिवशिवली, पण हलवली नाहीत. मग श्वास आपसूक चालू झाला.

ती अजून पेटीतच आहे. डॉक्टर अजून शब्द देत नाहीत. नर्सबाई मात्र रोज मला आत घेते. तिला कुणी धाडलं, ते मी विचारत नाही, मनोमन हात जोडते. पूर्वी देवाला कामं सांगायचे, जणू तो माझ्या रानातला गडी. आता तळवा टेकवते आणि म्हणते, "मी हलत न्हाई बाबा. पुढचं तुझं तू बघ."