खळ्यातली पृथ्वी आणि काकांचा स्वेटर

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं सुधाकाकूने मला बजावलं आहे. तिने राजूलाही बजावलं होतं. पण राजू, म्हणजे तिचा मुलगा, आहे दुसरीत. त्यामुळे निम्मी गोष्ट आळीत फिरलेलीच आहे, आणि उरलेली निम्मी लोक आपल्या मनाने रचतात. त्यापेक्षा मी नीट लिहिलेली बरी! मी फारशी बोलत नाही, म्हणून मोठी माणसं माझ्यासमोर सगळं बोलतात. आणि काकूच्या भूगोलाच्या वर्गातले किस्से फणसाच्या चिकासारखे आहेत. एकाला हात लावला की दुसरा चिकटून येतो.

वर्ग म्हणजे आमच्या दारासमोरचं खळं. दिवाळीनंतर ते चोपून, शेणाने सारवून झालं की काकू काथ्याचा कुंचला चुन्यात बुडवते आणि अख्ख्या जगाचा नकाशा काढते. तोही पुस्तक न बघता! ती डी.एड. झालेली आहे, पण नोकरी लागायच्या आत लग्न झालं. काका बोटीवर असतात. घरी येतात ते गणपतीला आणि शिमग्याला. "आपला बाप कुठल्या समुद्रात आहे ते पोराला कळायला नको?" असं म्हणून तिने पहिला नकाशा काढला. मग आळीतली मुलंही यायला लागली.

नियम असा: नाव घेतल्याशिवाय कुठल्याही देशावर पाय ठेवायचा नाही, आणि एका खंडातून दुसऱ्यात जायचं ते बोटीच्या वाटेनेच. नकाशात एक शिंपली असते. ती काकांची बोट. ती रोज थोडी पुढे सरकवायची, ती मात्र फक्त काकूने.

*

गेल्या हिवाळ्यात पृथ्वीचा आस समजावताना काकूने एक लिंबू घेतलं आणि त्यात विणकामाची सुई आरपार खुपसली. ती तेव्हा काकांसाठी निळा स्वेटर विणत होती (यंदा गणपतीनंतर काका तो घेऊनच गेले), त्यामुळे सुई हाताशीच होती. विषुववृत्त काढायला लाल काही मिळेना, म्हणून कुंकू वापरलं.

वर्ग सुटल्यावर राजूने ती पृथ्वी खेळायला नेली आणि शेजारच्या तात्यांच्या दगडी गडग्यावर विसरला.

सकाळी तात्यांची हाक सगळ्या आळीने ऐकली. "सुधा! बाहेर ये आधी! लिंबू काय, सुई काय, कुंकू काय! कोणी केलंन हे?"

"मी केलंय, तात्या," काकू म्हणाली. "काय झालं?"

तात्या दोन पावलं मागे सरले. "आणि वर सांगतेस? कोणावर केलंस?"

राजू पायरीवर बसून राखुंडीने दात घासत होता. तो तोंडातल्या फेसासकट म्हणाला, "अख्ख्या पृथ्वीवर, तात्या!"

तेव्हापासून तात्या आमच्याकडे लिंबाचं सरबत घेत नाहीत.

*

मिरकरवाड्याची शेवंती शाळेत माझ्या वर्गात आहे, आणि काकूच्या खळ्यातही येते. तिच्या वडिलांचा ट्रॉलर आहे. दिवाळीनंतरच्या चाचणीत तिने आफ्रिका इतकी हुबेहूब काढली की भूगोलाच्या सरांना संशय आला. त्यांनी तिला उभं केलं. "कुणाचं बघून काढलंस?"

"कुणाचं नाही, सर."

"मग फळ्यावर काढ!"

शेवंतीने डोळे मिटले. जागच्या जागी पाय सरकवत ती केपटाऊनपासून वर निघाली आणि पायांबरोबर तिचा खडूचा हात चालू लागला. सगळा वर्ग हसत होता. आफ्रिका मात्र बरोबर आली.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले.

"सर, मला हातांनी येत नाही. पायांनी पाठ आहे!"

*

त्याच सुमारास आपल्या किनाऱ्यावर चोरटं सोनं उतरतं अशी बोलवा होती. जो तो एकमेकांच्या होडीकडे वाकून बघायचा. एकदा स्टँडवर शेवंतीच्या दप्तरातून कागद पडला, आणि पडला तो हवालदारांच्या पायाशी. कागदावर आपला अख्खा किनारा, आणि खाडी आली की लाल पेन्सिलीची फुली!

"या फुल्या कसल्या? इथे काय उतरतं?"

शेवंती रडायलाच लागली. "सुधाकाकूने मारल्यात."

हवालदार तिला घेऊन थेट आमच्या खळ्यात. पाठोपाठ निम्मी आळी. काकूने कागद हातात घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाली, "जयगडची खाडी कुठे काढलीन बघा. दाभोळ तर पार खाली आणून ठेवलंय. फुली मारू नको तर काय करू? आरती ओवाळू?"

हवालदार मान हलवून आणखी काही विचारणार, तेवढ्यात राजू त्यांच्या बुटांकडे बोट दाखवून ओरडला, "हवालदार, तुम्ही पाकिस्तानात उभे आहात!"

त्यांनी जी उडी मारली ती थेट अरबी समुद्रात.

*

यापुढचं मला नीट लिहायला हवं. डिसेंबरची गोष्ट. शेवंतीची आई आमच्याकडे मासे घेऊन येते. त्या दिवशी पाटी उतरवून ती माझ्या आईला हळूच म्हणाली, "वयनी, तुमचे भावजी बोटीवर ना?"

"होय तर. ऑस्ट्रेलियाला गेलेत. गणपतीत सांगूनच गेले."

"मग आमच्या ह्यांनी मुंबईला भाऊच्या धक्क्यावर बघितलान तो कोण? चांगला इस्त्रीचा शर्ट घालून सुरमय घेत होता. अख्खी सुरमय! एकट्या माणसाला अख्खी सुरमय कशाला गो बाय?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी तांदूळ निवडत होते, तशीच निवडत राहिले.

"दिसतो माणसासारखा माणूस," आई म्हणाली.

"दिसतो तर," शेवंतीची आई म्हणाली. "पण मुंबईत लोकांची दुसरी बिऱ्हाडं असतात, तीसुद्धा दिसतात हो कधीकधी."

स्वयंपाकघरात काकू पाट्यावर खोबरं वाटत होती. वरवंट्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला. मग ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "बांगडे कसे दिलेस?"

*

दुसऱ्या दिवशी शिंपली मुंबईवर होती. तिसऱ्या दिवशीही तिथेच. राजूने विचारलं, "आई, बाबांची बोट का हलत नाही?"

"इंजिन बिघडलं असेल," काकू म्हणाली.

आणि मग तिने अचानक दक्षिण गोलार्ध शिकवायला घेतला. तो आमच्या कुणाच्याच अभ्यासक्रमात त्या महिन्यात नव्हता. "आपल्याकडे थंडी असते तेव्हा ऑस्ट्रेलियात उन्हाळा. म्हणा! डिसेंबरात तिथे घामाच्या धारा. परत म्हणा!" राजू तर झोपेतही म्हणायला लागला. काकूने बजावलं, "शिमग्यापर्यंत कुणी विसरायचं नाही हं."

परीक्षा तर एप्रिलात होती!

*

शिमग्याला काका आले. फॉरेनचा साबण आणला, रेडिओ-टेपचा टू-इन-वन आणला. तात्यांनी साबणाचा वास घेऊन बघितला, खोक्यावरचं सगळं वाचलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हे मुंबईतही मिळतं ना गो?"

संध्याकाळी मुलं जमली. काकू ओटीवर बसली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "अहो, एवढं जग फिरून आलात. मुलांना जरा प्रवास दाखवा की."

काका खुश झाले. चपला काढून नकाशात उतरले. श्रीलंका म्हणाले, सिंगापूर म्हणाले, सगळ्यांकडे बघत ऐटीत ऑस्ट्रेलियावर जाऊन उभे राहिले.

"डिसेंबरात इथेच होतात ना?" काकूने विचारलं.

"इथेच! सिडनीला."

"हवा कशी होती?"

शेवंतीने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, काकांना खूण करावी, खोकावं, काहीतरी करावं. माझ्याने झालं नाही.

"हवा?" काका हसले. "काय विचारू नकोस! हाडं गोठतील अशी थंडी. दोन-दोन स्वेटर घालून डेकवर उभा असायचो!"

सगळी मुलं एकदम काकूकडे बघायला लागली. राजूला राहवलं नाही. "बाबा! पण डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो!"

काकांचा चेहरा उतरला. गडग्यापलीकडे तात्यांचा अडकित्ता थांबला. आम्हाला वाटलं, आता काकू थंडीबद्दलच काहीतरी बोलणार. एवढे महिने पाठ करून घेतलं होतं ते याचसाठी, हे तोवर माझ्याही लक्षात आलं होतं.

पण काकू थंडीबद्दल एक अक्षर बोलली नाही. ओटीवरून खाली उतरली, नकाशाच्या काठाशी येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "दोन? मी तर एकच विणला होता."

काकांना घरात यायचं तर वाट समुद्रातूनच होती, आणि वाटेत मुंबई. ते मुकाट्याने मुंबईपर्यंत आले. तिथे शिंपली होती. ती त्यांनी उचलली, तळहातावर फिरवली आणि मान वर न करता म्हणाले, "सुधा, ऐक. तो दुसरा स्वेटर..."

थांबा, आत्ता काकूच हाक मारतेय. "मंगल! अगो, काय लिहीत बसलीस मघापासून? शेण कालवायला ये, सगळं खळं सारवून काढायचंय!"

आले गं काकू! तर काका म्हणाले की तो दुसरा स्वेटर त्यांना