आज चूक किती?

आमच्या मॅडम सकाळी नमस्काराची वाट पाहत नसत. दर्यापूरच्या बसमधून उतरून यायच्या आणि प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढता काढता विचारायच्या, "आज चूक किती?" नवख्याला वाटे, बाई टोमणा मारताहेत. त्यांना खरोखरच आकडा हवा असे.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात दोन इमारतींच्या मध्ये काचेचा केसासारखा बारीक तंतू पुरला होता. त्यातून प्रकाशाचा एकेक कण पाठवून निरोप कुलूपबंद करायची गुप्त किल्ली तयार करायची, हे मॅडमच्या हाताखालचं माझं पीएचडीचं काम. कणाच्या कंपनाची दिशा हीच आमची लिपी. वाटेत कोणी डोकावलं की कण बिघडतो, पलीकडे चुका वाढतात, आणि शंभरात अकराच्या वर गेल्या तर ती किल्ली फेकून द्यायची. मॅडम हे इतक्या हळू सांगत, की मातीखालच्या अंधारातून निघालेला तो एकटा कण मला दिसू लागे.

वैशाखात चुका बारा टक्क्यांवर गेल्या. प्रबंध द्यायला महिना उरला होता. मी वहीत 'दोन' लिहिलं.

मॅडमनी वही पाहिली, मग यंत्र पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "चुकीवरूनच त कळते कोणी ऐकून रायलं ते," त्या म्हणाल्या. "तेच लपवलं, त राखण कोण करंन वो पोरी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मला घेऊन त्या उन्हात गेल्या. तंतूवरच्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. एका भेगेत बोटं घालून त्या बराच वेळ स्वप्नात असल्यासारख्या बसून राहिल्या. "आमच्या वावरातबी अशीच फाटते. माती तार पिळून रायली, म्हणून कणाची दिशा फिरते. चोर-गिर कोणी नाई."

लिपीच बदलायचं त्यांनी ठरवलं. प्रकाशाच्या एका ठोक्याचे दोन करायचे, एक पुढे, एक मागे, आणि निरोप दोहोंमधल्या फरकात ठेवायचा. "दोघी बहिणी एकाच खडबडीत रस्त्यानं गेल्या, त हिसके दोघीलेबी सारखेच बसतीन," त्या म्हणाल्या. माझा प्रबंध वर्षभर लांबला.

दिवाळीनंतर मॅडम आजारी पडल्या. अकोल्याच्या दवाखान्यात भेटले तेव्हा बोलणं जवळजवळ थांबलं होतं, तरी ओठ हलले. प्रश्न मला पाठच होता. नवी मांडणी अजून नीट जुळली नव्हती. "सात," मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या. संक्रांतीच्या आसपास त्या गेल्या.

यंदा वैशाखात जमीन पुन्हा फाटली. सकाळी पडद्यावर आकडा आला, दोन. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजलं. दोनच. सवयीनं दाराकडे पाहिलं, तर तिथे फक्त माझ्याच चपला होत्या. मी वहीत 'दोन' लिहिलं आणि मनसोक्त रडले.