घाटाच्या तोंडाशी सोडलेले बूट

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास उडाला होता, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. विश्वास होता, पण तो गावीच राहिला होता. आमची देवी नगरकडच्या डोंगरावर, आणि मी येऊन पडलो होतो निजामाच्या मुलखात, आंबेजोगाईला. सरकारी कागदांत या गावालाच मोमिनाबाद म्हणत. हद्द ओलांडली की नाणं वेगळं, कचेरीची भाषा वेगळी, आणि आपल्यासारखा माणूस गैरमुल्की, म्हणजे बाहेरचा. बायको दर मंगळवारी योगेश्वरीच्या देवळात जायची. मी बाहेरूनच हात जोडायचो. या परक्या मुलखातली आई मला कशाला ओळखेल, असं मला मनापासून वाटायचं.

मी मोटार हाकणारा. नगरला एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो आणि मग त्याच्याशीच भांडून, "तुझ्यावाचून माझं काही अडत नाही" असं तोंडावर सांगून निघालो. परतीची वाट मीच बुजवली होती. आंबेजोगाईला सरकीच्या एका व्यापाऱ्याने प्रवासी मोटार घेतली होती, त्याने मला ठेवून घेतलं. पण इंग्रजी मुलखातला माझा परवाना इकडे चालेना. इथल्या पोलिसांच्या अमीनसाहेबांपुढे, म्हणजे आपल्याकडच्या फौजदारापुढे, नव्याने परीक्षा देणं भाग होतं.

परीक्षा मंगळवारी असायची. पहिल्या खेपेला मी नेहमीसारखा अनवाणी गेलो. गाडी आधी पायाला कळली पाहिजे, हा उस्तादाचा धडा. त्याच्याकडचे आम्ही सगळे अनवाणीच हाकायचो. अमीनसाहेबांनी माझे पाय पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नंगे पाँव? बैलगाडी समजे क्या?" एवढं बोलून त्यांनी मला गाडीला हातही न लावू देता परत पाठवलं. मालक तसा भला माणूस, पण तोही म्हणाला, "येत्या मंगळवारी न्हाई जमलं, तर मला दुसरा मानूस बघावा लागंल. वाईट वाटून घेऊ नका." घरी बायको आणि दोन वर्षांची पोर.

मंगळवारी मी मालकाच्या मुनीमजींचे बूट मागून आणले. ते मोठे होत होते म्हणून पुढे फडकं कोंबलं. निघताना बायकोने मूठभर ज्वारी रुमालात बांधून दिली. "पास झालात की येता येता आईच्या पायरीवर वाहा," ती म्हणाली. मी रुमाल खिशात कोंबला आणि बूट चढवून टाकटाक चालत निघालो. आरशात पाहिलं असतं तर माझं मलाच हसू आलं असतं.

अमीनसाहेब शेजारी बसले. बुटांकडे पाहून त्यांनी मान हलवली, तेव्हा मला हायसं वाटलं. परळीकडे उतरणाऱ्या घाटातून खाली जायचं आणि परत वर यायचं, अशी परीक्षा होती. त्यांनी बजावलं, "मेरे हुकुम के बगैर गाडी रुकी, तो परवाना भूल जाओ." मी हो म्हणालो. बुटांत पाय परके झाले होते. पायडल दाबलं जातंय की नाही, ते तळव्याला कळत नव्हतं, नुसत्या अंदाजाने चाललो होतो. घामाने सदरा पाठीला चिकटला.

घाटाच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी उभी होती. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, हातात वेताची परडी. देवीची आराधीण होती, जोगवा मागायला निघालेली. मी भोंगा वाजवला. ती हलली नाही. पुन्हा वाजवला, तर तिने परडीच पुढे केली. मला तिचा इतका राग आला की काय सांगू. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी. कडेने गाडी काढली असती तर निघाली असती कदाचित, पण आईची परडी चाकाखाली गेली तर? माझ्या हातून ते होईना. मी गाडी थांबवली. शेजारून आवाज आला, "कायकू रोके?" सगळं संपलं, एवढंच मनात आलं.

उतरलो आणि खिशातला रुमाल सोडला. म्हातारीने परडी मागे घेतली.

"पायातलं काढ की आदी. आईम्होरं आसा हुबा ऱ्हातो व्हय रं?"

"मावशी, लई घाई हाय," मी काकुळतीला येऊन म्हणालो.

"घाई तुला हाय. तिला न्हाई."

मी तिथेच खाली बसून बूट ओढून काढले. डोळ्यांत पाणी आलं होतं, भक्तीने नव्हे, चरफडीने. ज्वारी परडीत वाहिली. तिने माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि ती कडेला झाली. साहेब भोंगा दाबत होते. मी पळत येऊन गाडी चालू केली. बूट रस्त्यातच राहिले, हे उतार सुरू झाल्यावर लक्षात आलं.

पहिल्या वळणावर ब्रेक दाबला आणि अनवाणी तळव्याला काहीतरी निराळं लागलं. पायडल रोजच्यापेक्षा दोन बोटं खाली जात होतं, आणि दाबलं की आतून बारीक कट्‌ असा ठोका येत होता. दुसऱ्या वळणावर तो ठोका मोठा झाला. पुढे खरा उतार होता, आणि खाली परळीच्या बाजाराला निघालेल्या बैलगाड्यांची रांग दिसत होती. साहेब म्हणाले, "चलो, चलो!" मी हुकूम मोडला. गियर खाली टाकला, हातब्रेक ओढला आणि गाडी दरडीच्या अंगाला घासत नेऊन उभी केली. साहेबांचा गुडघा पुढे आपटला. ते मला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मी गाडीखाली शिरलो. ब्रेकच्या दांडीची खीळ जवळजवळ पूर्ण निसटली होती, नखाएवढी अडकून होती. साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं. मग त्यांची नजर खालच्या बैलगाड्यांकडे गेली.

"कैसा मालूम हुआ?"

"पायाला कळलं, साहेब."

त्यांनी माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं. आधीच्या मंगळवारीही पाहिले होते, पण ते पाहणं वेगळं होतं. मी तारेने खीळ बांधली आणि गाडी हळूहळू वर आणली. घाटाच्या तोंडाशी बूट रस्त्याच्या कडेला नीट जोडीने ठेवलेले होते. म्हातारी नव्हती. पुढे कधीतरी देवळात मी तिची चौकशी केली. पुजारीण म्हणाली, "मंगळवारी लई येत्यात, बाबा. कुनाकुनाचं सांगू?" मीही मग जास्त खोलात गेलो नाही.

साहेबांनी परवान्यावर सही केली, त्या संध्याकाळी पहिल्यांदा बायकोबरोबर गाभाऱ्यापर्यंत गेलो. मागायचं काही उरलं नव्हतं. नुसता उभा राहिलो आणि रडलो, आणि या खेपेला चरफड नव्हती. माझं सगळं ज्यावर टांगलं होतं, ते हातून सुटलं असं ज्या क्षणी मला वाटलं, त्याच क्षणी ते कुणीतरी धरलं होतं. माझं काम फक्त बूट काढायचं होतं, आणि तेही मी कुरकुरत केलं.

परवाना अजून माझ्या पेटीत आहे. त्यावर माझ्या नावापुढे उर्दूत गैरमुल्की असं लिहिलेलं आहे. आईने मात्र तू कुठला म्हणून विचारलं नाही. पायातलं काढ, एवढंच म्हणाली.