ताईची तिरकी वाट

काल गच्चीवर भिजलेली ताडपत्री वाळत घातली आणि ओल्या शिडांचा तो जुना वास आला. ताई कॉलेजात असताना विष्णुपुरीच्या धरणावर शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरायची. एकदा शर्यत बघायला आमचे वडील, अण्णा, देवणीहून आले होते. मीही त्यांच्याजवळ काठावर बसले होते.

शिट्टी झाली. वळसा घालायचा नारिंगी फुगा समोरच तरंगत होता, पण ताई एकटीच उजवीकडं निघाली.

"पोरगी वाट चुकली की!" अण्णा ताडकन उठले. "फुगा तर समोर हाय."

"अण्णा, वारा समोरून येतोय. सरळ गेलं तर होडी जागीच थांबते. कधी उजवीकडं, कधी डावीकडं, असं तिरकंच जावं लागतं."

"म्हंजे जो वारा आडवतो, त्याच्याच जोरावर पुढं जायचं?"

मी मान हलवली. तेवढ्यात उजवीकडून वाऱ्याच्या झोतानं उठलेल्या गडद लहरी पाण्यावर धावत आल्या. ताईला त्या आधीच दिसल्या असाव्यात. तिचं शीड ताणलं, होडी कलली आणि सगळ्यांच्या आधी फुग्याला वळसा घालून गेली. अण्णा तोंडावर हात ठेवून बघत राहिले.

परतताना दोन होड्या पुढं गेल्या आणि शेवटी तिचा तिसरा नंबर आला. चिंब होऊन ती काठावर आली, तेव्हा अण्णांनी खांद्यावरचा पंचा पुढं केला.

"घ्या, अंग पुसा. दमला असाल."

लेकीला ते जन्मात पहिल्यांदा अहोजाहो करत होते. आम्ही दोघी तेव्हा खूप हसलो. आता त्यांनी तिला दिलेला तो मान आठवला की अंगावर काटा येतो.