उजवा हात पुढे कर

हिराजी सर गेल्याची बातमी शाळेच्या ग्रुपवर आली तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. "आपले निवृत्त चित्रकला शिक्षक..." एवढं वाचेपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही एक जोडी टाकून दिली. पाच आठवडे झाले, ते हात मला सलतायत. शोकसभेत पर्यवेक्षिका म्हणून पहिलं भाषण माझंच होतं. सरांचा स्वभाव, फळ्यावर एका झटक्यात काढलेलं वर्तुळ, सगळं बोलले. बोलायचं तेवढं सोडून.

सर खाडीकाठच्या दिवाळे गावचे. वडिलांची होडी, आई मासळी विकायची, घरातला पहिला पगारदार माणूस हा. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये आलेली. सरांचा सुक्या जवळ्याचा डबा उघडला की मी उठून खिडकी उघडायचे. "बाई, वास नाय, सुगंध म्हना," सर म्हणायचे. "मराठी शिकवता ना तुमी?" वर्षभरात त्याच डब्यात माझी भाकरी बुडायला लागली. अशी आमची मैत्री.

सात वर्षांपूर्वी सरांनी हट्टाने नववीच्या मुलांची सहल काढली. मुंबईतली दोन चर्च आणि चित्रांचं संग्रहालय. वॉटर पार्क सोडून चर्च कशाला, असं पालकांचं म्हणणं. सरांचं उत्तर ठरलेलं... कमान काढायची तर कमानीखाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघावी लागते. सोबतीला बाई हव्यात म्हणून मी गेले.

दुसऱ्या चर्चमध्ये प्रार्थना चालू होती. सरांनी मुलांना मागच्या बाकांवर बसवलं, "कोणी उठायचं नाही," असं बजावलं आणि बसमध्ये उलटी झालेल्या एका मुलाला बघायला ते बाहेर गेले. तेवढ्यात पुढे रांग लागली. पांढऱ्या झग्यातले फादर एकेकाच्या हातावर काहीतरी ठेवत होते. शेजारी बसलेली सानिका कुजबुजली, "बाई, प्रसाद आहे?" आमच्याकडे प्रसादाला नाही म्हणत नाहीत. आला प्रसाद की हात पुढे. मी म्हणाले, "प्रसादच की. जा, उजवा हात पुढे कर." ती उठली, तिच्यामागे आणखी दहा-अकरा जणं उठली.

सानिकाने ती पातळ गोल चकती खाल्ली नाही. पोर शहाणी! आईसाठी रुमालात बांधून घ्यायला लागली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहिलं आणि तिचा हातच धरला. ती चकती म्हणजे त्यांना साक्षात देव, आणि ती फक्त त्यांच्या धर्मात रीतसर आलेल्यांनीच, तिथल्या तिथे घ्यायची, हे आम्हाला कुठे ठाऊक? सर धावत आले, त्यांनी हात जोडले. फादर भले माणूस. त्यांनी चकती जपून परत घेतली आणि सानिकाच्या डोक्यावर हात ठेवला. बसमध्ये सानिकाने रडत सरांना सगळं सांगितलं.

संग्रहालयात मी एका मोठ्या चित्रासमोर उभी होते. त्यात काय होतं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. सर शेजारी येऊन उभे राहिले. "बाई, चूक झाली. पन लहान हाय. आपन मोठी करायला नको."

मोठी मी केली. मुलांनी घरी सांगितलं आणि दोन दिवसांत पालकांच्या ग्रुपवर एकच शब्द फिरायला लागला... बाटवलं. सहलीला नेऊन मुलांना बाटवलं. मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मुलांना यात ओढायचं नाही, असं म्हणून त्यांनी विचारलं, "मुलांना रांगेत कोणी पाठवलं?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट बघत. जूनमध्ये माझी पर्यवेक्षिका म्हणून नेमणूक व्हायची होती. मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत राहिले. शेवटी सर म्हणाले, "जबाबदारी माझी होती."

सरांनी माफीपत्र लिहिलं. सहली बंद झाल्या. चित्रकलेचे निम्मे तास गणिताला गेले आणि ते वेळापत्रक, पर्यवेक्षिका झाल्यावर, मीच लावलं. सानिका दहावी होईपर्यंत माझ्या तासाला मान वर करत नव्हती. सर मात्र डबा पुढे करतच राहिले. भित्रेपणाला मी समजूतदारपणा म्हणत आले, दुसरं काही नाही.

मागच्या रविवारी दिवाळ्याला गेले. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, घरात एकट्याच होत्या. पाणी घेतलं आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं, "वहिनी, त्या दिवशी मुलांना मी पाठवलं होतं. सरांनी नाही."

"मना म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी येऊन सांगितलं त्यांनी."

"मग कोणाला बोलले का नाहीत?"

"म्हनायचे, बाई सांगतील. त्यांचं त्यांना सांगू दे." त्यांनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. "रिटायर झाले त्या दिवशीबी म्हनाले, आज वाटलेलं, बाई सांगतील."

त्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालन मी केलं होतं.

वहिनींनी खिडकीजवळची सरांची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा ना." खुर्चीच्या हातावर पेन्सिलीला टोक काढताना पडलेल्या ब्लेडच्या रेघा होत्या, एकाशेजारी एक, कितीतरी. मी उभीच राहिले.